एकाच कणात निदान आणि उपचार: कॅन्सरवरच्या संकरित नॅनोकणांबद्दल

घरात कुणाला कॅन्सर झाला की आठवड्याभरात नातेवाइकांकडून मोबाईलवर बातम्या यायला लागतात. त्यातली एखादी 'नॅनो'ची असतेच. शास्त्रज्ञांनी सोन्याचे कण बनवले, ते फक्त कॅन्सरच्या पेशी शोधून मारतात, आता केमोची गरज उरणार नाही, असं काहीतरी. अशा बातमीमागे बहुतेक वेळा प्रयोगशाळेत झालेलं खरं काम असतं. पण तो प्रयोग उंदरावर झाला की माणसावर, माणसावर झाला तर किती जणांवर, आणि काम झाल्यावर ते कण शरीराबाहेर गेले का, हे त्या चार ओळींत येत नाही. हा लेख त्या न आलेल्या ओळींबद्दल आहे.

आधी माप समजून घेऊ. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. माणसाचा केस साधारण ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो. रक्तातली तांबडी पेशी सुमारे ७,००० नॅनोमीटरची, तर तिच्यातला हिमोग्लोबिनचा रेणू जेमतेम ५ नॅनोमीटरचा. कॅन्सरसाठी वापरायचे कण साधारण ५ ते १५० नॅनोमीटरचे असतात. म्हणजे ते रक्तातून सहज फिरू शकतात आणि पेशीच्या आतही शिरू शकतात.

इतक्या लहान आकारात पदार्थांचे गुणधर्मही बदलतात. सोन्याचे दहा-वीस नॅनोमीटरचे कण पाण्यात विखुरले तर ते पाणी लाल दिसतं. लोहाच्या ऑक्साईडचे तेवढेच कण बाहेरून चुंबक लावला की चुंबकासारखे वागतात आणि चुंबक काढला की ते चुंबकत्व सोडून देतात. डॉक्टरांना हवेत ते हे बदललेले गुणधर्म.

पण एकट्या पदार्थाने काम भागत नाही. सोनं प्रकाश शोषून तापतं, पण नुसते सोन्याचे कण रक्तात सोडले तर त्यांच्या गुठळ्या होतात. चरबीचा सूक्ष्म बुडबुडा, म्हणजे लायपोसोम, औषध छान वाहून नेतो, पण तो कुठे पोचला हे स्कॅनवर दिसत नाही. लोहाचा कण एमआरआयवर दिसतो, पण औषध धरून ठेवण्याची सोय त्याच्याकडे नाही. म्हणून दोन-तीन पदार्थ एकाच कणात आणायचे: आत एक, वर दुसऱ्याचं कवच, त्यावर रक्तात टिकून राहण्यासाठी पॉलिमरचा, म्हणजे लांब साखळीसारख्या रेणूंचा, लेप आणि कधी त्यावर कॅन्सरच्या पेशीला चिकटणारा एखादा रेणू. हे झाले संकरित किंवा हायब्रिड नॅनोकण. गाठ दाखवणं आणि तिच्यावर इलाज करणं अशी दोन्ही कामं एकाच कणाने केली, तर त्या पद्धतीला थेरॅनॉस्टिक म्हणतात.

सोन्याचं कवच

यातलं सर्वांत देखणं उदाहरण ह्यूस्टनच्या राईस विद्यापीठातलं आहे. तिथल्या नाओमी हलास यांनी सिलिकाच्या, म्हणजे वाळू-काच ज्याची असते त्याच पदार्थाच्या, गोल कणावर सोन्याचा अतिशय पातळ थर चढवला. एक ग्रॅम सोन्याच्या दागिन्यात आत दुसराच धातू आणि वर सोन्याचा मुलामा असतो, तशी ही रचना. फरक इतकाच की दागिन्यातला मुलामा दिसण्यापुरता असतो. इथे मात्र आतला गोळा केवढा आणि वरचा थर किती जाड, यावरच सगळं काम ठरतं. सोन्याच्या पृष्ठभागावरचे इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर हेलकावे घेतात आणि ती ऊर्जा उष्णतेत बदलते. भरीव सोन्याचा लहान कण हिरवा प्रकाश शोषतो. सिलिकावरच्या कवचाची जाडी नेमकी राखली तर तोच गुण डोळ्यांना न दिसणाऱ्या, लालपलीकडच्या प्रकाशापर्यंत सरकवता येतो.

हे का हवं? आपल्या शरीरातून दिसणारा प्रकाश फारसा पार होत नाही, कारण रक्तातलं हिमोग्लोबिन तो शोषून घेतं. त्याहून बऱ्याच लांब तरंगलांबीचा प्रकाश पाणी शोषतं. मधे साधारण ७०० ते ९०० नॅनोमीटर तरंगलांबीची एक फट उरते, तिथे दोघंही कमी शोषतात. त्या फटीतला प्रकाश त्वचेतून आणि मांसातून काही सेंटिमीटर आत जातो. वाटेतल्या निरोगी पेशी फारशा तापत नाहीत, पण जिथे सोन्याचे कण जमले आहेत तिथे ऊतक भाजून निघतं. २००३ मध्ये हलास आणि जेनिफर वेस्ट यांच्या गटाने हे पेशींवर आणि उंदरांवर दाखवलं.

माणसांपर्यंत यायला पुढची बरीच वर्षं गेली. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई रुग्णालयातले निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रोस्टेटपुरता, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीपुरता, मर्यादित कॅन्सर असलेल्या १६ पुरुषांना सुमारे १५० नॅनोमीटरचे हे कण शिरेतून दिले, आणि साधारण दुसऱ्या दिवशी एमआरआय व सोनोग्राफीच्या आधारे गाठीत लेसरचा बारीक तंतू घालून ती जागा तापवली. १६ पैकी १५ जणांमध्ये ठरवलेला भाग जाळण्यात यश आलं. लघवीच्या तक्रारी किंवा लैंगिक क्षमता यांत उल्लेखनीय फरक पडला नाही. प्रोस्टेटचं पूर्ण ऑपरेशन केलेल्यांना या दोन्ही गोष्टींचा किती त्रास होतो हे ज्यांनी जवळून पाहिलंय, त्यांना या निकालाचं मोल वेगळं सांगायला नको. मात्र रुग्ण फक्त १६ होते आणि शेजारी तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. शिवाय गाठ शोधण्याचं काम एमआरआयने केलं, सोन्याच्या कणांनी नाही.

लोह: दाखवतं आणि झाकतंही

लोहाच्या ऑक्साईडवर डेक्स्ट्रान या साखरेपासून बनलेल्या पॉलिमरचा लेप दिलेले कण अमेरिकेत १९९६ मध्येच यकृताच्या एमआरआयसाठी मंजूर झाले होते. त्यांची युक्ती मला फार आवडते. यकृतात कुप्फर नावाच्या सफाई कामगार पेशी असतात, त्या रक्तातले परके कण गिळतात. लोहाचे कण गिळल्यामुळे निरोगी यकृत एमआरआयवर काळं दिसतं. यकृतात पसरलेल्या गाठीमध्ये या पेशी नसतात, त्यामुळे ती उजळ राहते. कण गाठीत जातच नाहीत आणि त्यामुळेच गाठ दिसते! हे उत्पादन नंतर बाजारातून गेलं, पण तत्त्व पक्कं होतं. लोहाचा आणखी एक फायदा असा की शरीराला त्याचं काय करायचं ते माहीत असतं. कण विरघळले की त्यातलं लोह शरीराच्या साठ्यात जमा होतं आणि पुढे हिमोग्लोबिनसाठी वापरलं जातं. म्हणूनच तसल्याच लेपाचे लोहकण २००९ पासून मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या अ‍ॅनिमियावर इंजेक्शन म्हणून दिले जाऊ लागले.

लोहाने उपचार करण्याचा रस्ता बर्लिनमध्ये निघाला. मेंदूतला ग्लायोब्लास्टोमा हा अतिशय आक्रमक कॅन्सर. त्याच्या गाठीत सिलिकॉनयुक्त लेप दिलेले लोहकण थेट सुईने सोडायचे आणि मग डोक्याभोवती सेकंदाला १ लाख वेळा उलटसुलट होणारं चुंबकीय क्षेत्र लावायचं. कण त्या क्षेत्रामागे धावताना तापतात आणि गाठही तापते. सोबत रेडिएशन, म्हणजे आपल्याकडे ज्याला शेक म्हणतात ते, द्यायचं, कारण तापलेली पेशी रेडिएशनपुढे दुबळी पडते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कॅन्सर पुन्हा उलटलेल्या ५९ रुग्णांमध्ये तो उलटल्याचं निदान झाल्यापासूनच्या आयुष्याचा मध्यक १३.४ महिने निघाला, म्हणजे निम्मे रुग्ण त्याहून जास्त जगले. या आजारात हा आकडा आशादायक होता. पण इथेही तुलनेचा गट नव्हता.

आणि इथेच संकरित कणांची एक खरी अडचण उघड झाली. थोडं लोह एमआरआयवर गाठ दाखवतं. पण तापवण्यासाठी लागतं तेवढं लोह एका जागी भरलं की त्याच्या चुंबकत्वाने आजूबाजूची प्रतिमाच बिघडते. त्या रुग्णांना पुढे मेंदूच्या त्या भागाचा उपयोगी एमआरआय काढता येत नाही, आणि गाठ परत वाढतेय का हे पाहायला तर तोच लागतो. एकाच पदार्थाकडून दोन्ही कामं करून घ्यायची, तर एका कामाची मात्रा दुसऱ्याच्या आड येते. 'दोन्ही कामं एका कणात' हे वाक्य जितक्या सहज लिहिलं जातं, तितकं ते शरीरात सहज घडत नाही.

पोचणं

१९८६ मध्ये जपानच्या यासुहिरो मात्सुमुरा आणि हिरोशी माएदा यांनी दाखवलं की गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईने वाढलेल्या आणि गळक्या असतात. मोठे रेणू त्यांतून बाहेर झिरपतात आणि गाठीत अडकून राहतात. पुढची तीस वर्षं नॅनो औषधांची जवळजवळ सगळी इमारत या एका निरीक्षणावर उभी राहिली: कण योग्य आकाराचा बनवा, तो आपोआप गाठीत साचेल.

२०१६ मध्ये टोरंटोच्या वॉरन चॅन यांच्या गटाने मागच्या दहा वर्षांतले प्रयोग गोळा करून हिशोब मांडला. शिरेतून दिलेल्या कणांपैकी गाठीत पोचणाऱ्यांच्या प्रमाणाचा मध्यक ०.७ टक्के निघाला. दिलेल्या शंभर कणांतला एकही धड पोचत नाही! आणि हे प्रयोग मुख्यतः उंदरांवरचे. उंदरात लावलेली गाठ काही आठवड्यांत फोफावते, तिच्या वाहिन्या फार गळक्या असतात. माणसाची गाठ अनेकदा वर्षानुवर्षं वाढलेली असते, आणि एकाच रुग्णाच्या दोन गाठीसुद्धा सारख्या नसतात. २०२० मध्ये याच गटाने आणखी एक धक्का दिला: गाठीत शिरणाऱ्या कणांपैकी ९७ टक्क्यांपर्यंत कण फटींतून झिरपत नाहीत, वाहिनीच्या पेशी स्वतः त्यांना उचलून पलीकडे नेतात. म्हणजे ज्या दारावर सगळा भरवसा होता, त्या दाराने फारसं कुणी जातच नव्हतं.

न्यायाने हेही सांगायला हवं की साध्या केमोचं औषधही गाठीत फार थोडं पोचतं, बाकीचं सगळ्या शरीरभर फिरतं, केस गळतात ते त्यामुळेच. तेव्हा ०.७ हा आकडा नॅनो कणांना बाद ठरवत नाही. पण 'फक्त कॅन्सरच्या पेशींवर हल्ला' या वाक्याला मात्र तो नक्कीच बाद ठरवतो.

बाकीचे कण कुठे जातात? रक्तात उतरताच कणावर प्रथिनांचा थर चढतो. त्यावरून यकृत आणि प्लीहेतल्या सफाई पेशी त्याला परका म्हणून ओळखतात आणि गिळतात. पॉलिमरचा लेप दिला तर ही ओळख लांबते. पण तोच लेप कॅन्सरच्या पेशीत शिरतानाही आडवा येतो. चिकटणारा रेणू जोडला तर नेम सुधारतो, पण कण मोठा होतो आणि प्रतिकारशक्तीच्या नजरेत जास्त भरतो. प्रत्येक सुधारणेला अशी किंमत आहे, आणि वर चढवलेल्या प्रत्येक थराबरोबर ती वाढत जाते.

ज्यांनी हा प्रश्न बगल देऊन सोडवला त्यांचं मला कौतुक वाटतं. हॅफ्नियम या जड धातूच्या ऑक्साईडचे सुमारे ५० नॅनोमीटरचे कण एका फ्रेंच कंपनीने बनवले. ते शिरेतून देतच नाहीत, सरळ गाठीत टोचतात आणि मग नेहमीचं रेडिएशन देतात. जड अणू क्ष-किरणांची ऊर्जा जास्त शोषतो, त्यामुळे तेवढ्याच शेकात गाठीच्या आत जास्त मार बसतो. हातापायाच्या स्नायू-चरबीसारख्या मऊ ऊतकांतल्या कॅन्सरच्या, म्हणजे सार्कोमाच्या, रुग्णांवर झालेल्या, तुलनेचा गट असलेल्या चाचणीत ऑपरेशनच्या वेळी गाठ जवळजवळ पूर्ण मेलेली आढळण्याचं प्रमाण ८ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर गेलं. २०१९ मध्ये त्याला युरोपात मंजुरी मिळाली. दुप्पट हा शब्द मथळ्यात छान दिसतो. पण १६ टक्के म्हणजे शंभरात सोळा, हेही शेजारी लिहिलेलं असावं.

बाहेर पडणं

माझ्या मते सर्वांत कमी चर्चा होते ती याची. औषधाचा साधा रेणू यकृतात मोडतो किंवा लघवीतून जातो. सोनं मोडत नाही. मोठे सोन्याचे कण यकृतात आणि प्लीहेत दीर्घकाळ बसून राहतात. ८० वर्षांच्या रुग्णाला त्याने फरक पडणार नाही कदाचित, पण विशीतल्या मुलीला हे कण द्यायचे तर डॉक्टरांना पुढच्या पन्नास वर्षांचा विचार करावा लागतो. २००७ मध्ये हार्वर्ड आणि एमआयटीच्या संशोधकांनी दाखवलं की साधारण ५.५ नॅनोमीटरपेक्षा लहान कण मूत्रपिंडातून गाळून लघवीवाटे बाहेर जातात. मोठे अडकतात. पण इतका लहान कण लवकर निघूनही जातो, आणि त्यात सामान फार मावत नाही.

याच मर्यादेच्या आसपास राहून कॉर्नेल विद्यापीठाच्या उलरिच विस्नर यांनी सिलिकाचे ६-७ नॅनोमीटरचे कण केले. आत चमकणारा रंग, बाहेर पॉलिमर, त्यावर गाठीला चिकटणारा छोटा पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा तुकडा, आणि पेट स्कॅनवर दिसावं म्हणून किरणोत्सारी आयोडीन. मिशेल ब्रॅडबरी यांच्या पुढाकाराने न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग कॅन्सर केंद्रात पसरलेल्या मेलॅनोमाच्या (त्वचेच्या एका कॅन्सरच्या) ५ रुग्णांना ते दिले गेले, २०१४ मध्ये निष्कर्ष आले. कण सुरक्षित वाटले आणि मुख्यतः लघवीतून बाहेर गेले. नंतर याच जातीचे कण ऑपरेशनच्या टेबलावर उपयोगी पडले: कॅन्सर आधी कोणत्या लसिकाग्रंथीत पोचू शकतो ते रंगाने उजळवून सर्जनला दाखवायला. उपचार नाही, नुसतं दाखवणं. पण नको ती ग्रंथी वाचवणं आणि हवी ती न सुटणं हे रुग्णासाठी छोटं काम नाही.

दोन्ही कामांच्या सर्वांत जवळ पोचलेला कण मला विचाराल तर तो फ्रान्सच्या ल्योनमधला. सिलिकॉनयुक्त जाळीत गॅडोलिनियम या धातूचे अणू घट्ट धरून ठेवलेला हा कण ५ नॅनोमीटरच्याही आत आहे. गॅडोलिनियम एमआरआयमध्ये उजळतं, ते काम तर ते वर्षानुवर्षं करतंच आहे. शिवाय ते जड असल्याने रेडिएशनचा मार वाढवतं. ग्रेनोबलच्या रुग्णालयात मेंदूत पसरलेला कॅन्सर असलेल्या १५ रुग्णांना हे कण शिरेतून देऊन मग मेंदूला रेडिएशन दिलं. कण कोणत्या गाठीत किती जमलेत हे एमआरआयवर दिसत होतं, आणि दिलेल्या मात्रांमध्ये उपचार थांबवावा असा विषारी परिणाम आढळला नाही. इथे एकच धातू दोन्ही कामं करतो आणि एका कामाची मात्रा दुसऱ्याला मारत नाही. लोहाला जे जमलं नाही ते इथे जुळलं.

मुंबईतही या प्रश्नावर विचारपूर्वक काम झालं आहे. पवईच्या आयआयटीतले रोहित श्रीवास्तव आणि खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या टाटा स्मारक केंद्राच्या संस्थेतले अभिजित डे यांच्या गटांनी लायपोसोमवर सोन्याचे बारीक कण चढवले. हा संकरित कण मोठा असताना लालपलीकडचा प्रकाश शोषून गाठ तापवतो, आणि नंतर त्याचे तुकडे होऊन ते शरीराबाहेर जाण्याइतके लहान उरतात. कामाच्या वेळी मोठा, जाताना लहान. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेले हे निष्कर्ष उंदरांवरचे आहेत. उंदरापासून रुग्णापर्यंतची वाट महागडी असते: प्रत्येक घाणा आधीच्यासारखाच निघाला पाहिजे, कणातल्या प्रत्येक घटकाचं शरीरात काय होतं ते स्वतंत्रपणे दाखवावं लागतं. भारतात अशा औषधांचं मूल्यमापन कसं करायचं याची मार्गदर्शक तत्त्वं २०१९ मध्ये जैवतंत्रज्ञान विभागाने प्रसिद्ध केली.

आज रुग्णालयात काय मिळतं

नॅनो औषध म्हणून आज जे प्रत्यक्ष दिलं जातं ते बरंच साधं आहे. लायपोसोममध्ये भरलेलं डॉक्सोरुबिसिन हे केमोचं औषध अमेरिकेत १९९५ मध्ये मंजूर झालं. त्याने साध्या डॉक्सोरुबिसिनपेक्षा हृदयावरचा ताण कमी होतो, मात्र तळहात-तळपायांची कातडी लाल होऊन सोलण्याचा त्रास काहींना होतो. २०१२ मध्ये अमेरिकेत त्याचा तुटवडा पडला, तेव्हा तिथल्या सरकारने मुंबईत मुख्यालय असलेल्या सन फार्माचं 'लिपोडॉक्स' आयात करू दिलं. दुसरं, अल्ब्युमिन प्रथिनाला बांधलेलं पॅक्लिटॅक्सेल हे केमोचंच औषध, २००५ पासून वापरात आहे. दोन्ही आपल्याकडे मिळतात आणि गरज असेल तर तुमचे ऑन्कोलॉजिस्ट ती देतातच. सोन्याचे, लोहाचे, सिलिकाचे वर सांगितलेले संकरित कण मात्र आपल्याकडच्या नेहमीच्या उपचारांत नाहीत. कुणी 'नॅनो सोनं' म्हणून पूड, थेंब किंवा कॅप्सूल कॅन्सरसाठी विकत असेल, तर त्याचा या लेखातल्या कोणत्याही कणाशी संबंध नाही. त्यापायी केमोची किंवा रेडिएशनची तारीख चुकवू नका, ही कळकळीची विनंती.

नव्या उपचाराच्या ट्रायलमध्ये भाग घ्यावा का, असा प्रश्न समोर आला तर ती ट्रायल भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत आहे का ते आधी पाहा. २००९ पासून ही नोंद सक्तीची आहे आणि इंटरनेटवर कुणालाही मोफत शोधता येते. त्या नोंदीत टप्पा कोणता, किती रुग्ण घेणार, तुलनेचा गट आहे की नाही, हे लिहिलेलं असतं. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न त्यातूनच निघतील: कण शिरेतून देणार की थेट गाठीत? काम झाल्यावर ते कुठे जातात? नंतर एमआरआय काढता येईल ना? संमतीपत्र मराठीत मागा, घरी नेऊन वाचा, आणि सही करण्यासाठी वेळ घ्या. सही केल्यावरही कोणत्याही क्षणी ट्रायलमधून बाहेर पडता येतं, त्यामुळे तुमचा नेहमीचा उपचार थांबवला जात नाही.